चार्जिंगचा धंदा : आधी गिऱ्हाईकाच्या थांब्याचा हिशेब

पेट्रोल पाच मिनिटांत भरता येते. विजेच्या गाडीला मात्र वेळ द्यावा लागतो. म्हणून लहान गावात चार्जिंगची सोय करू पाहणाऱ्या व्यापारी बंधूंनी ‘गाड्या किती येतात?’ याआधी ‘गाडीवाला आपल्याकडे किती वेळ थांबतो?’ हे पाहावे.

चिपळूणचे उदाहरण घेऊ. हे गाव मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि येथूनच कुंभार्ली घाटाने कऱ्हाडचा रस्ता फुटतो. घाट चढताना बॅटरी जास्त खर्च होते. त्यामुळे चढणीआधी चार्जिंगची गरज पडणारच.

समजा, ३० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची आहे. त्यास १८ युनिट वीज लागेल. ३.३ किलोवॅटच्या साध्या चार्जरवर हे काम साडेपाच-सहा तासांचे, तर ३० किलोवॅटच्या जलद चार्जरवर सुमारे पाऊण तासाचे. म्हणजे रात्रीचा मुक्काम असणाऱ्या लॉजला साधा चार्जर पुरतो. जेवणापुरता थांबा असलेल्या खानावळीला जलदच हवा.

जलद चार्जरला भांडवल मोठे लागते. शिवाय गाडी येवो न येवो, वीजबिलातील स्थिर आकार दरमहा भरावाच लागतो. रोज दोन गाड्या आल्या तर महिन्याला १,०८० युनिट जातील. युनिटमागे ५ रुपये सुटतात असे धरले तरी हाती येतील ५,४०० रुपये. यातूनच स्थिर आकार, दुरुस्ती आणि हप्ता भागवायचा. नुसत्या उत्साहाने गाठीची पुंजी येथे अडकवू नये. जागा असेल तर साध्या चार्जरने सुरुवात करावी, गाड्यांची रोज नोंद ठेवावी आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.

चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे त्यासाठी वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही. सुरक्षेचे नियम मात्र पाळावेच लागतात. महावितरणच्या दरपत्रकात चार्जिंग केंद्रांची वर्गवारी स्वतंत्र आहे. जोडणी मागताना तिची चौकशी अवश्य करावी.

जागा निवडताना २२ जुलै २०२१ चा पूर विसरू नये. त्या दिवशी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते. मीटर, पेटी आणि चार्जर त्या पाण्याच्या खुणेच्या वरच बसवावेत.

शेवटी, चार्जर चालू ठेवणे हाच या धंद्यातील शब्द होय. फलकावर वेळ व फोन नंबर लिहावा आणि बिघाड झाल्यास तसे त्यावर ताबडतोब नोंदवावे. बंद चार्जरपाशी एकदा अडकलेला प्रवासी पुन्हा त्या दारी येत नाही.