उत्कृष्ट नवोदित कोण? व्हॉलीबॉलचा एक हिशोब

दरवर्षी गॅदरिंगच्या आठवडाभर आधी आपल्या जिमखान्याच्या खोलीत एक भांडण ठरलेलं असतं. कॅप्टन, माजी कॅप्टन, स्पोर्ट्स सेक्रेटरी, सर आणि स्कोअरची वही धरणारा मी, असे पाच जण बसतो. व्हॉलीबॉलच्या मुलांच्या टीममधला ‘उत्कृष्ट नवोदित खेळाडू’ ठरवायचा असतो. कप काही फार मोठा नाही, पण तो मिळालेल्या पोरानं तो घरी नेऊन टीव्हीवर ठेवल्याचं मी पाहिलंय. म्हणून म्हटलं, या वर्षीचं भांडण जरा नीट लिहून काढावं. खरी नावं आणि खरे आकडे देत नाही, उगाच कँटीनमध्ये पुन्हा सुरू व्हायचं. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

आधी एक कबुली. मी अजिंठ्याचा. लेण्यांचा अजिंठा म्हटलं की सगळ्यांना दरी आणि चित्रं आठवतात, पण आमचं गाव घाटाच्या वर, सिल्लोड तालुक्यात. या वर्षीच्या दोन उमेदवारांपैकी एक पोरगा आमच्याच भागातला. तेव्हा मी त्याची बाजू घेतोय असं कुणाला वाटलं तर ते अगदीच खोटं नाही.

तर उमेदवार असे. पहिला, स्मॅशर. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलेला. उंच, डावखुरा, आणि २.४३ मीटरच्या नेटवरून चेंडू असा खाली मारतो की बघणाऱ्या पब्लिकच्या तोंडून आपोआप आवाज निघतो. दुसरा, लिबेरो. फर्स्ट इयरचा, साडेपाच फुटांच्या आसपास. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून मागच्या रांगेत फिरतो. त्याच्यासाठी कुणी कधी शिट्टी वाजवलेली मला आठवत नाही.

पहिला वाद ‘नवोदित’ या शब्दावरच झाला. तीन वर्षं पॉलिटेक्निकच्या टीममध्ये खेळून आलेला पोरगा नवोदित कसा? कॅप्टनचं म्हणणं, कॉलेजला नवा म्हणजे नवा. माजी कॅप्टनचं म्हणणं, मग बाराव्वीहून आलेल्या पोरानं त्याच्याशी काय स्पर्धा करायची! हा पेच आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेतली व्हॉलीबॉल प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना पुरुषांच्या कॉलेज व्हॉलीबॉलसाठी नवोदिताचा पुरस्कार देते. तिकडच्या कॉलेज खेळांत ‘फ्रेशमन’ आणि ‘न्यूकमर’ हे शब्दच वेगळे वापरतात. फ्रेशमन म्हणजे पहिल्या वर्षाचा, आणि न्यूकमरमध्ये दुसरीकडून बदली होऊन आलेलाही बसू शकतो. आपल्या कपावर नुसतं ‘नवोदित’ कोरलंय, त्यामुळे डिप्लोमावाला आत आला. ठीक आहे.

मग सर म्हणाले, ‘पॉइंट कुणाचे जास्त?’ खरा घोळ इथून सुरू होतो.

लिबेरो १९९८ साली नियमांत आला. त्याला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉक करता येत नाही, आणि नेटच्या वर असलेला चेंडू पलीकडे मारता येत नाही. म्हणजे पॉइंट मिळवण्याचे जे तीन सरळ रस्ते आहेत ते तिन्ही त्याला नियमानंच बंद. ‘पॉइंट कुणाचे जास्त’ असं विचारणं म्हणजे विकेटकीपरला ‘तुझ्या विकेट किती’ असं विचारण्यासारखं आहे. त्याच सुमारास दुसरा बदल झाला तो रॅली पॉइंटचा. पूर्वी सर्व्हिस ज्याची त्यालाच पॉइंट मिळायचा आणि सेट १५ चा असायचा. आता सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट, सेट २५ चा. पूर्वी सर्व्हिस नेटमध्ये गेली तर नुसती सर्व्हिस जायची, आता पॉइंट जातो. याचा अर्थ, चुका मोजल्याशिवाय कुणाचाच हिशोब पूर्ण होत नाही.

म्हणून स्मॅशरसाठी मी वहीत तीन रकाने ठेवतो : मारलेले, पॉइंट झालेले, आणि चुकलेले (बाहेर, नेटमध्ये किंवा ब्लॉक होऊन आपल्याच अंगणात). पॉइंटमधून चुका वजा करायच्या आणि एकूण मारलेल्यांनी भागायचं. जगभर हेच सूत्र वापरतात. समजा, आपल्या डावखुऱ्यानं ६० मारले, २७ पॉइंट, १५ चुका. सत्तावीस पॉइंट! टाळ्या. पण २७ वजा १५ म्हणजे १२, भागिले ६०, उत्तर ०.२०. दुसऱ्या एखाद्या शांत स्मॅशरनं ५० मारले, २० पॉइंट, फक्त ५ चुका. त्याचं उत्तर ०.३०. पब्लिकला पहिला लक्षात राहतो, स्कोअरबोर्डला दुसरा परवडतो.

लिबेरोसाठी वेगळी पट्टी लागते. समोरून सर्व्हिस आली की ती उचलून सेटरच्या हातात द्यायची. चेंडू इतका छान गेला की सेटरला तिन्ही जागांवर सेट देता येतो, तर ३ गुण. दोनच पर्याय उरले तर २. सेटरला पळत जाऊन कडेला उंच चेंडू फेकण्याशिवाय काही करता आलं नाही तर १. उचललाच नाही, थेट पॉइंट गेला, तर ०. समजा ४० सर्व्हिसमध्ये १६ वेळा ३, १४ वेळा २, ६ वेळा १ आणि ४ वेळा ०. बेरीज ८२, सरासरी २.०५. चांगला आकडा आहे.

हे काम किती अवघड, ते आपल्या फिजिक्समध्ये बसवून बघा. ताशी ८० किलोमीटरची सर्व्हिस म्हणजे सेकंदाला साधारण २२ मीटर. कोर्ट १८ मीटरचं. चेंडू १६ मीटर येऊन लिबेरोच्या हातावर पडतो असं धरलं आणि हवेचा विरोध सोडून दिला, तर पाऊण सेकंदाहून कमी वेळ. स्मॅश ताशी ९० चा धरला आणि तो नेटपासून ७ मीटरवर उभा असला, तर ०.२८ सेकंद. एवढ्यात बघायचं, ओळखायचं, खाली बसायचं आणि हात जुळवून कोन द्यायचा.

आता हा पोरगा हे शिकला कुठे? गावाकडे आमच्यात शूटिंग व्हॉलीबॉल चालतो. त्यात सेट नाही, स्मॅश नाही. दोन्ही हात जुळवून चेंडू थेट पलीकडे ठोकायचा. संध्याकाळी शेतातून आलेली मोठी माणसं खेळतात आणि लहान पोरं कडेला उभी राहून गेलेला चेंडू आणून देतात. मीही आणून दिलेत! चेंडू नेटला घासून सपाट येतो, त्यामुळे डोळा आणि हात भलतेच चपळ होतात. पण तीच सवय कॉलेजच्या खेळात घात करते. इथे चेंडू ठोकायचा नसतो, त्याचा जोर मारून तो मऊ करून द्यायचा असतो. ऑगस्टमध्ये हा पोरगा प्रत्येक सर्व्हिस उचलायच्या ऐवजी परत पलीकडे पाठवायचा. अख्खी टीम हसायची. त्यानं कडेच्या भिंतीवर चेंडू मारून मारून हात मऊ केला, रोज सकाळी, मेस उघडायच्या आधी. वहीत बघितलं तर पहिल्या महिन्यात शून्यच शून्य आहेत, आणि शेवटी शेवटी शून्य शोधावं लागतं. ‘नवोदित’ या शब्दात हे बसायला पाहिजे असं माझं मत. तयार होऊन आलेला आणि इथे तयार झालेला यांत काही फरक आहे की नाही?

सर म्हणाले, ‘हे सगळं खरं, पण २.०५ आणि ०.२० यांची तुलना कशी करणार? आंबे आणि चपला.’

मी तयारी करून गेलो होतो. दोघांनाही एकाच प्रश्नावर आणायचं : हा नसता तर किती पॉइंटचा फरक पडला असता? समजा टीममधल्या बाकी स्मॅशरची सरासरी ०.१५. डावखुऱ्याची ०.२०. फरक ०.०५, गुणिले ६०, म्हणजे टीमला त्याच्यामुळे ३ पॉइंटचा जादा फायदा. आता लिबेरो. त्यानं उचललेल्या ४० सर्व्हिसपैकी २४ रॅली आपण जिंकलो, म्हणजे ६० टक्के. बाकीच्यांनी उचललेल्या ५० पैकी २२, म्हणजे ४४ टक्के. फरक १६ टक्के, गुणिले ४०, साधारण ६.४ रॅली. आणि हरायची ती रॅली जिंकली तर स्कोअरमधला फरक दोननं बदलतो, म्हणून जवळपास १३. यातलं निम्मं श्रेय सेटर-स्मॅशरना देऊन टाका, तरी साडेसहा उरतात. तीन विरुद्ध साडेसहा. मी खडू खाली ठेवला.

माजी कॅप्टन शांतपणे म्हणाला, ‘एम-थ्री सुटला का तुझा?’

त्यानं फळ्यावर जे केलं ते मला आधी सुचायला हवं होतं. एखाद्या टक्केवारीत नुसत्या योगायोगानं किती हालचाल होते, ते काढायचं सूत्र आहे : टक्केवारी गुणिले उरलेली टक्केवारी, भागिले संख्या, आणि त्याचं वर्गमूळ. ४५ टक्के आणि २० स्मॅश घेतले तर ०.११ येतं. दुप्पट करून दोन्ही बाजूंना धरलं तर खरा आकडा २३ ते ६७ मध्ये कुठेही असू शकतो! आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बाद पद्धतीची. पहिल्या मॅचला हरलो की घरी. एखाद्याच्या वाट्याला वीस-पंचवीस स्मॅश येतात, आणि त्यावर आपण वर्षभर भांडतो. मग त्यानं तीच पट्टी माझ्या १६ टक्क्यांना लावली. ४० आणि ५० च्या हिशोबानं त्या फरकातली योगायोगाची हालचाल साधारण १०.५ टक्के निघाली. म्हणजे माझा फरक जेमतेम दीडपट. ‘दोनपट तरी लागतो,’ तो म्हणाला. शिवाय समोरची टीम मुद्दाम आपल्या कच्च्या पोरांवर अवघड सर्व्हिस टाकते आणि लिबेरोला टाळते, हेही माझ्या हिशोबात नव्हतं. गप्प बसलो.

अर्थात काही पोरांना वही लागतच नाही. केरळचा जिमी जॉर्ज १९७४ साली तेहरानच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून खेळला तेव्हा १९ वर्षांचा विद्यार्थी होता, १९७६ ला अर्जुन पुरस्कार, पुढे इटलीतल्या क्लबकडून व्यावसायिक खेळाडू, १९८६ ला सोलमध्ये कांस्य. अशा नवोदितावर कोण मत मागणार? वही आपल्यासारख्यांसाठी, जिथे दोन पोरं जवळजवळ सारखी असतात आणि कप एकच असतो.

मतदान झालं. तीन विरुद्ध दोन, कप डावखुऱ्याला. दुसरं मत सरांचं होतं, याचं मला आश्चर्य वाटलं. डावखुऱ्यावर माझा राग नाही. फायनलच्या शेवटच्या सेटला त्यानं एकट्यानं टीम ओढली होती, आणि त्याच्याही हिशोबात ब्लॉक आणि सर्व्हिस मी धरलेच नव्हते, हे नंतर लक्षात आलं. सेटरचं तर कुणी नावच काढलं नाही. त्याचं कसं मोजायचं ते मला अजून कळलेलं नाही. कुणाला सुचलं तर सांगा.

रात्री होस्टेलवर लिबेरो आला. कपाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, ‘दादा, ती वही द्या ना, झेरॉक्स मारतो. ते चार शून्य कोणत्या बाजूच्या सर्व्हिसला गेले ते बघायचंय.’ वहीत बाजू लिहिलेलीच नव्हती. आता पुढच्या वर्षी वही धरणाऱ्यासाठी मी रकाने आखून ठेवलेत : सर्व्हिस कुठून आली, कुठे पडली, कोणी उचलली, किती गुण, रॅली कोणाची. प्रॅक्टिस मॅचेससुद्धा धरायच्या, म्हणजे संख्या वाढेल. वही जिमखान्याच्या कपाटात वरच्या खणात आहे, पेन मात्र स्वतःचं आणा.