घरात शिरलेला साप आणि वैद्याचे कर्तव्य

पावसाळ्यात बिळांमध्ये पाणी शिरते आणि बेडूक, उंदीर यांच्या मागोमाग साप मनुष्यवस्तीत येतात. अशा वेळी ग्रामीण भागात पहिली हाक पुष्कळदा वैद्यालाच येते. म्हणून हा विषय केवळ सर्पमित्रांचा मानून चालणार नाही.

शास्त्रविचार : सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात दर्वीकर, मण्डली व राजिमान हे सविष सर्पांचे भेद वर्णिले असून निर्विष सर्पांचा वर्ग स्वतंत्र मानला आहे. फणाधारी नाग दर्वीकरांत, घोणस मण्डलींत व पट्टेदार मण्यार राजिमानांत गणण्याचा प्रघात आहे.

ओळख : धामण, दिवड व कवड्या हे बिनविषारी होत. मात्र कवड्या व मण्यार यांत गल्लत होते आणि ती प्राणावर बेतते. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे पांढरे, बहुधा जोडीने असणारे पट्टे शेपटीकडे अधिक स्पष्ट असतात. तथापि शंका असल्यास साप विषारीच समजावा.

साप आढळल्यास : मुले व पाळीव जनावरे दूर न्यावीत. सापावर सुरक्षित अंतरावरून नजर ठेवावी, त्याची बाहेर जाण्याची वाट अडवू नये आणि प्रशिक्षित सर्पमित्रास अथवा वनविभागास (१९२६) कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांना संरक्षण आहे. त्यांना मारणे वा बाळगणे गुन्हा ठरतो. पकडलेला साप जवळच्याच योग्य अधिवासात सोडणे इष्ट. अनोळखी प्रदेशात दूर नेऊन सोडलेला साप निवारा व भक्ष्य यांच्या शोधात भटकतो आणि पुष्कळदा जगत नाही. सापाचे प्रदर्शन करणाऱ्या हौशी व्यक्तीस बोलावू नये.

दंश झाल्यास : येथे वैद्याची खरी कसोटी लागते. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यास होतो. वेदना व सूज नगण्य असतात. पहाटे पोटदुखी होते, पापण्या जड होतात व पुढे श्वास मंदावतो. अशा रुग्णास अजीर्णाचे औषध देऊन घरी पाठविणे घातक ठरते. ग्रंथांत दंशस्थानाच्या वर चार अंगुळे अरिष्टाबंधन सांगितले आहे. परंतु त्या काळी प्रतिविष नव्हते. आज आवळून बांधणे, चिरणे वा चोखणे वर्ज्य मानावे. रुग्णास धीर द्यावा, अंगठ्या-कडी काढावीत, अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ रुग्णवाहिकेने प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्वरित पाठवावे. भारतात मिळणारे बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांवर उपयुक्त आहे. अगदांच्या प्रयोगात एक क्षणही दवडू नये.

औषधी भांडार : वनस्पतींच्या पोत्यांत उंदीर माजतात व उंदरांमागे साप येतो. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत; दाराखालची फट व मोरीचे तोंड जाळीने बंद करावे. कामगारांनी पोते उचलण्यापूर्वी काठीने हलवावे.

सर्पमित्र, वनविभाग व प्रतिविष असलेले निकटचे रुग्णालय यांचे क्रमांक प्रत्येक चिकित्सालयात व औषधी दुकानात दर्शनी भागी लावावेत. साप वाचावा आणि रुग्णही वाचावा, यातच आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा आहे.