राखीव पेट्रोल आणि उरलेले अंतर

हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात चंद्रा आणि भागा या दोन नद्यांचा जेथे संगम होतो, तेथे तांडी नावाचे लहानसे गाव आहे. मनालीहून लेहला जाणारा रस्ता या गावावरून जातो. येथील पेट्रोल पंपापाशी, पुढील पंप ३६५ किलोमीटर अंतरावर आहे असे सांगणारा फलक अनेक वर्षे उभा होता, आणि मोटारसायकलवरून लडाखला निघालेले प्रवासी त्याच्याशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेत. हौस म्हणून ते ठीकच. परंतु त्या आकड्याने प्रवाशापुढे एक गणितही मांडलेले असे. पुढे बारालाचा ला, लाचुलुंग ला आणि तांगलांग ला या उंच खिंडी (‘ला’ म्हणजे तिबेटी भाषेत खिंडच), मध्ये सरचू आणि पांग येथील तंबूंचे मुक्काम, आणि बाकी सारा निर्मनुष्य प्रदेश. तांडीला टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली तरी वाटेत केव्हातरी पेट्रोल संपत आल्याचा इशारा मिळण्याचा संभव असे. तो मिळाल्यावर गाडी आणखी किती चालेल?

हा प्रश्न शहरात विचारला, तर एक मोटारसायकलस्वार चाळीस किलोमीटर म्हणेल, दुसरा साठ आणि तिसरा छातीठोकपणे शंभर. गंमत अशी, की तिघेही खरे बोलत असतील. इशारा देणारी योजना, मग ती जुन्या गाडीतील तोटी असो वा नव्या गाडीतील दिवा असो, फक्त टाकीतील पेट्रोलाची पातळी जाणते. किलोमीटर तिला ठाऊक नसतात. पातळीवरून लिटर काढणे आणि लिटरवरून किलोमीटर काढणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि दोहोंत चूक होण्यास भरपूर वाव आहे.

प्रथम जुनी तोटी पाहू. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया कंपनी स्थापन झाली व तिची बुलेट भारतीय रस्त्यांवर धावू लागली. पुढे म्हैसूरच्या कारखान्यातून जावा बाहेर पडू लागली. या आणि त्यानंतरच्या कित्येक गाड्यांत टाकीच्या बुडाशी एक तोटी असे. कारागीर तिला ‘कॉक’ म्हणतात. तिला तीन स्थिती असतात: बंद, चालू आणि रिझर्व्ह. तोटीतून टाकीच्या आत एक उभी नळी गेलेली असते आणि तिचे तोंड बुडापासून काही सेंटिमीटर उंचीवर असते. दुसरे तोंड अगदी बुडालगत असते. तोटी ‘चालू’ स्थितीत असताना पेट्रोल उंच तोंडातूनच येते. पातळी त्या तोंडाखाली गेली की पुरवठा थांबतो, एंजिन आचके देऊ लागते, आणि स्वार चालत्या गाडीवरच डावा हात खाली नेऊन तोटी फिरवितो. यालाच ‘गाडी रिझर्व्हला लागली’ असे म्हणतात. ‘राखीव’ असा वेगळा कप्पा टाकीत कोठेही नसतो. ते पेट्रोल त्याच टाकीतले, केवळ उंच तोंडाच्या आवाक्याखालचे.

ही योजना शाळेतही दाखविता येते. पत्र्याच्या डब्याला बुडालगत एक व त्याच्या वर पाच सेंटिमीटरवर दुसरे छिद्र पाडावे, दोन्हींना बुचे लावावीत आणि डबा पाण्याने भरावा. (पेट्रोल या प्रयोगासाठी कदापि वापरू नये. त्याची वाफ थंडीतही पेट घेते.) वरचे छिद्र मोकळे केले की पाणी त्याच्या पातळीपर्यंत वाहून थांबेल. मग खालचे मोकळे करून जेवढे पाणी मिळेल तेवढा ‘राखीव साठा’. डब्याच्या बुडाचे क्षेत्रफळ ३०० चौरस सेंटिमीटर असेल, तर ३०० गुणिले ५ म्हणजे १,५०० घन सेंटिमीटर, अर्थात दीड लिटर.

मोटारसायकलची टाकी मात्र डब्यासारखी सरळ नसते. ती गाडीच्या सांगाड्याच्या मुख्य नळीवर खोगिरासारखी बसविलेली असते, त्यामुळे तिच्या तळाशी मधोमध उंचवटा आणि दोन्ही बाजूंस दोन खोलगट भाग निर्माण होतात. पातळी उंचवट्याच्या खाली गेली की एका तळ्याची दोन डबकी होतात. काही गाड्यांत ही डबकी खालून एका बारीक नळीने जोडलेली असतात. जेथे तशी जोडणी नसते तेथे तोटीच्या बाजूचे पेट्रोल संपते आणि पलीकडचे तसेच राहते. अशा वेळी अनुभवी स्वार गाडी थांबवून ती तोटीच्या बाजूस चांगली झुकवितो, पलीकडचे पेट्रोल उंचवट्यावरून अलीकडे येते आणि बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू होते. पाहणाऱ्यास हा चमत्कार वाटतो. त्यात द्रवाने आपली पातळी गाठली यापलीकडे काही नाही. टाकीचा काटा शेवटच्या टप्प्यात भराभर खाली येतो, यालाही बऱ्याच अंशी हा आकारच कारण आहे. वरच्या रुंद भागात एक लिटर खर्च झाल्यास पातळी थोडी उतरते, खालच्या अरुंद भागात तेवढ्याच खर्चाने ती पुष्कळ उतरते.

चढउतारानेही पातळी बदलते. टाकी ४० सेंटिमीटर लांब आणि रस्ता वीस मीटरला एक मीटर चढणारा असेल, तर टाकीच्या दोन टोकांच्या खोलीत दोन सेंटिमीटरांचा फरक पडतो. तोटी बहुधा मागील बाजूस असते. म्हणून घाट चढताना पेट्रोल तिच्याकडे येते आणि उतरताना तिच्यापासून दूर जाते. चढावर मुकाट्याने चाललेली गाडी उतार लागताच रिझर्व्हला लागावी, याचे अनेकांस नवल वाटते ते यामुळे.

तोटीचा एक मोठा गुण होता: तिचा इशारा एंजिनच देत असे, तो दुर्लक्षिता येत नसे. तिचा दोषही तितकाच मोठा होता, पण तो यंत्राचा नव्हे, माणसाचा. पंपावर टाकी भरल्यानंतर तोटी पुन्हा ‘चालू’ स्थितीत आणावयास स्वार विसरला, तर पुढील खेपेस इशाराच मिळत नसे. गाडी आचका देई, हात सवयीने तोटीकडे जाई, आणि तोटी आधीच रिझर्व्हवर असल्याचे ध्यानात येई. रस्त्याच्या कडेने गाडी ढकलीत नेणाऱ्यांपैकी कित्येकांची कहाणी एवढीच असे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे धूर-नियंत्रणाचे निकष लागू झाले. नव्या मोटारसायकलींतून कार्बुरेटर जवळजवळ नाहीसा झाला, त्याच्या जागी दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली आणि तोटीची गरज संपली. आता इशारा देतो तो दिवा. त्यामागे बहुधा एक तरंगणारा गोळा असतो. पातळीबरोबर तो खालीवर होतो, त्याला जोडलेला दांडा विद्युत्‌मंडलातील रोध बदलतो आणि ठरावीक रोधाला दिवा लागतो. दुसरी एक योजना अधिक मौजेची आहे. टाकीच्या तळाजवळ एक लहानसा मणी बसवितात. तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, असा त्याचा धर्म आहे. त्यातून सतत अल्प विद्युत्प्रवाह जात असतो आणि त्यामुळे मणी तापू पाहतो. तो पेट्रोलात बुडालेला असेतो पेट्रोल त्याची उष्णता हिरावून घेते. पातळी खाली जाऊन मणी उघडा पडला की तो तापतो, रोध घटतो, प्रवाह वाढतो आणि दिवा उजळतो. तापण्यास थोडा वेळ लागत असल्याने खड्ड्यातील एखाद्या हिंदकळ्याने दिवा लागत नाही, हा आयताच लाभ.

नव्या गाड्यांत पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप टाकीतच बुडवून ठेवलेला असतो आणि भोवतालचे पेट्रोलच त्याला थंड राखते. म्हणून शेवटच्या थेंबापर्यंत गाडी चालविण्याची हौस येथे महाग पडू शकते. वारंवार कोरडा चाललेला पंप तापतो आणि लवकर झिजतो. शिवाय तळाचे थोडे पेट्रोल पंपाच्या तोंडापर्यंत पोहोचतच नाही. ते हिशेबातून वजा करावे लागते.

आता लिटरांचे किलोमीटर करू. एक लिटर पेट्रोल जळाल्याने सुमारे ३.२ कोटी जूल उष्णता मिळते. तिचा बराचसा भाग धुराड्यातून आणि एंजिनच्या अंगावरून वाया जातो. पाचवा हिस्सा चाकापर्यंत पोहोचतो असे धरले, तर कामास ६४ लाख जूल उरतात. गाडी व स्वार मिळून वजन २०० किलोग्रॅम असेल, तर टायरांच्या लोळण्यास सुमारे ४० न्यूटन रोध होतो आणि तो वेगाने फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साधारण आकाराच्या गाडीवर ताठ बसलेल्या स्वारास तो ताशी ४५ किलोमीटर वेगास सुमारे ५५ न्यूटन, ७२ ला सुमारे १४५ आणि ९० ला सुमारे २२५ न्यूटन भरतो. दोन्ही रोधांची बेरीज करून ६४ लाखांना भागले असता एका लिटरात मिळणारे अंतर अनुक्रमे सुमारे ६७, ३५ आणि २४ किलोमीटर येते. प्रत्यक्षात फरक इतका तीव्र नसतो, कारण जास्त भार घेताना एंजिनची कार्यक्षमता थोडी सुधारते. तरी आकड्यांची दिशा तीच राहते. याच गणिताने दोन लिटर राखीव पेट्रोल सावकाश जाणाऱ्यास १३० किलोमीटरांपर्यंत नेईल आणि उतावळ्यास ५० च्या आत सोडून देईल.

तरीही दिवा लागताच बहुतेक जण वेग वाढवितात! पेट्रोल संपण्यापूर्वी पंप गाठावा, हा त्यांचा हेतू. पेट्रोल घड्याळाप्रमाणे खर्च होत असते तर हा विचार बरोबर ठरला असता. अर्थात अति सावकाशीही उपयोगी नाही. सिग्नलपाशी उभी राहून धडधडणारी गाडी एका लिटरात शून्य किलोमीटर जाते.

पर्वतात आणखी दोन गोष्टी हिशेबात येतात. २०० किलोग्रॅम वजन एक हजार मीटर उंच नेण्यास सुमारे २० लाख जूल काम पडते, म्हणजे वरील मानाने जवळजवळ एक तृतीयांश लिटर पेट्रोल केवळ उंची चढण्यास लागते. उतरताना यातील काही भाग परत मिळतो, कारण गाडी आपल्याच भाराने धावते. मात्र एंजिन बंद करून घाट उतरणे धोक्याचे आहे. एंजिनचा आवर नाहीसा होऊन सारा ताण ब्रेकांवर येतो व ते तापतात. दुसरी गोष्ट हवेची. पाच हजार मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्केच असते. हवेचा रोध तेवढा घटतो, हा फायदा. परंतु कार्बुरेटर असलेल्या गाडीत हवा कमी व पेट्रोल जास्त असे मिश्रण तयार होते, ते नीट जळत नाही आणि काळा धूर सोडीत गाडी रेंगाळते. नवी फवारा-यंत्रणा हवेचा दाब मोजून पेट्रोल आवरते, म्हणून तिला हा दोष जाणवत नाही.

कित्येक नव्या गाड्या उरलेले अंतर पडद्यावर आकड्यांत दाखवितात. तो आकडा नजीकच्या प्रवासातील सरासरीवरून काढलेला असतो. घाट उतरून आल्यावर तो फुगतो आणि चढण लागली की भराभर आटतो.

याहून विश्वासार्ह आकडा स्वारास स्वतः काढता येतो, आणि त्यासाठी टाकी रिकामी करून पाहण्याची गरज नाही. समजा टाकी १३ लिटरांची आहे. दिवा लागताच अंतरमापकावरील आकडा टिपून ठेवावा. पुढे १४ किलोमीटरवर पंप लागला आणि टाकी भरण्यास १०.२ लिटर पेट्रोल लागले, तर पंपापाशी २.८ लिटर शिल्लक होते. लिटरास ४० किलोमीटर या मानाने १४ किलोमीटरांत ०.३५ लिटर खर्च झाले. म्हणून दिवा लागला तेव्हा टाकीत ३.१५ लिटर होते. गाडी दर वेळी सरळ उभी करून एकाच खुणेपर्यंत भरली पाहिजे, नाहीतर येथेच पाव-अर्धा लिटरची चूक होते. असे चार-पाच वेळा केल्यास आकडे थोडे वेगळे येतील: कधी ३.१, कधी २.८, कधी २.६. येथे सरासरी घेण्याचा मोह आवरावा. भरवसा ठेवावयाचा तो सर्वांत लहान आकड्यावर, २.६ वर. त्यातून तळाचे ०.३ लिटर वजा केले की २.३ उरतात, आणि त्यांना गुणावयाचे ते ४० ने नव्हे, तर आपल्या गाडीने वाईटात वाईट रस्त्यावर दिलेल्या अंतराने, समजा ३० ने. उत्तर येते सुमारे ६९ किलोमीटर. हीच गाडी मैदानी रस्त्यावर शंभराहून अधिक किलोमीटर जाईलही.

हीच १३ लिटरांची टाकी घेऊन तांडीच्या फलकाकडे परत यावे. उपयोगी पडणारे पेट्रोल १२.७ लिटर. लिटरास ४० किलोमीटर मिळाले, तर ३६५ किलोमीटरांस ९.१ लिटर पुरतात आणि वाटेत दिवा लागतही नाही. लिटरास ३० मिळाले, तर दिवा सुमारे ३१२ किलोमीटरवर लागतो आणि उरलेले ५३ किलोमीटर राखीव साठ्यावर पार पडतात. टाकीत पोहोचताना अर्ध्या लिटरच्या आसपास उपयोगी पेट्रोल असते. मागे सोबती, दोन्ही बाजूंस सामान आणि समोरून वारा असल्यामुळे तेच मान २७ वर आले, तर ही गाडी फलकावर सांगितलेल्या पंपाच्या सुमारे २२ किलोमीटर अलीकडे थांबते.