दाजींच्या प्रश्नाचं उत्तर

चि. सोनू,


तुझा मेसेज वाचला, दाजींचाही फोन येऊन गेला. इकॉनॉमिक्स घेऊन पोरगी पुढे करणार काय, हा त्यांचा प्रश्न रास्तच आहे. नुसत्या बी.ए.वर फारसं काही पदरात पडत नाही. बँकेतल्या क्लार्कची परीक्षा कुठल्याही पदवीवर देता येते, त्यासाठी तीन वर्षं मागणी-पुरवठ्याच्या रेषा काढायला नकोत. या विषयाला खरा भाव एम.ए.नंतर. यूपीएससीच्या इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवीच लागते, रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातही तेच. शिवाय पतमानांकन कंपन्या, बँका, संशोधन संस्था आहेतच. ती यादी तुला मोबाइलवर मिळेल.

शिकायला काय मिळतं, ते घरच्याच कांद्यावरून सांगतो. लासलगावच्या भावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर येतात. पारावर चर्चा रंगते ती कमाल दराची. "कांदा चार हजारावर गेला!" तो दर एखाद्या निवडक ट्रॅक्टरला मिळालेला असतो, बाकीच्यांचा माल सर्वसाधारण दराच्या आगेमागे जातो. त्यात चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा म्हणजे वजनात घट आणि सड आलीच. एप्रिलमध्ये भरलेला क्विंटल ऑक्टोबरात क्विंटल राहत नाही. म्हणजे भाव दीडपट झाला तरी हातात दीडपट पैसे येत नाहीत. हे दाजींना तोंडपाठ आहे. तुला ते कागदावर मांडता आलं पाहिजे.

पुढचं अवघड आहे. ऑगस्ट 2023 मध्ये सरकारनं कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती बंदी मे 2024 मध्ये उठली. बंदीनं शेतकरी बुडाला, असं आपण सगळेच म्हणालो. पण किती बुडाला? शहरातल्या गिऱ्हाइकाचे किती वाचले, मधल्यामध्ये किती राहिले? आणि बंदी नसती तर त्या महिन्यांत भाव काय असता? न घडलेल्या गोष्टीचा भाव कुठल्याच बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला नसतो. तो अंदाज पुराव्यानिशी बांधायचा, आपला अंदाज किती चुकू शकतो तेही सांगायचं, हे या विषयातलं अस्सल कसब. पगार मिळतो तो त्याचाच.

म्हणून गणित सोडू नकोस. आर्ट्सला आलो म्हणजे सुटलो, असं मुलं समजतात आणि एम.ए.च्या दारात अडकतात. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट किंवा गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, दोन्हीकडे कच्च्या गणितावर निभाव लागत नाही. संख्याशास्त्राचा जो पेपर घेता येईल तो घे. 'आर' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची आकडेवारीही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला तो याच सर्वेक्षणांच्या आधारे, आणि तोही आजच्यासारखे लॅपटॉप नसताना.

आणि लिहायला शीक. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्यांना भलीमोठी समीकरणं चालवता येतात. त्यातून निघालं काय, हे साहेबाला कळेल असं अर्धं पान लिही म्हटलं की घाम फुटतो. मराठीत तर विचारूच नकोस.

स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल एवढ्यासाठी मात्र हा विषय घेऊ नकोस. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत तशी मुलं खूप आहेत.

दाजींशी मी बोलतो. तोवर त्यांच्याकडून गेल्या तीन वर्षांच्या कांदापट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, मागून घे आणि एक्सेलमध्ये भर: तारीख, वजन, दर, कपात, गाडीभाडं. त्याच तारखांचा लासलगावचा सर्वसाधारण दर शेजारच्या रकान्यात टाक. आपल्याला बाजारापेक्षा कमी मिळाला की जास्त, आणि का, एवढं अर्ध्या पानात लिहून दिवाळीच्या आत पाठव. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा