व्हिडिओ खेळांचे परीक्षण कसे होते?

ग्रंथ, नाटक व चित्रपट यांच्या परीक्षणाची मराठी वाचकांस दीर्घकाळची सवय आहे. नाटकाचा परीक्षक प्रयोगास उपस्थित राहतो. शेजारच्या खुर्चीवरील प्रेक्षकाने जे पाहिले तेच त्यानेही पाहिलेले असते. त्यामुळे त्याचे मत पटले नाही तरी ते नेमके कोणत्या वस्तूविषयी आहे याबद्दल शंका राहत नाही. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्टही गृहीत धरता येत नाही. परीक्षकाने खेळलेला खेळ आणि ग्राहकाच्या घरी पोहोचलेला खेळ हे नावाने एक असूनही प्रत्यक्षात निराळे असू शकतात. मोठ्या परदेशी खेळाची किंमत आपल्याकडे तीन ते पाच हजार रुपयांच्या घरात जाते आणि ती बहुधा मुलांच्या आग्रहाखातर पालकांच्या खिशातून जाते. परीक्षणांवर विसंबून ही खरेदी होत असल्यामुळे ती परीक्षणे कोणत्या परिस्थितीत लिहिली जातात याची माहिती असणे उपयुक्त आहे.

आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांचा येथे विचार केलेला नाही. अशा खेळांना संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने मनाई केली आहे. येथे विचार आहे तो कथा, चित्र, संगीत आणि खेळाडूचे हस्तकौशल्य यांवर उभ्या असलेल्या व एकदा मूल्य देऊन विकत घेतल्या जाणाऱ्या खेळांचा. तसेच कोणत्या वयाच्या मुलांना कोणता खेळ योग्य, हे सांगणारे वयोगट-प्रमाणपत्र निराळे आणि परीक्षण निराळे. अमेरिकेत असे प्रमाणपत्र देणारे मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले. खेळ चांगला की वाईट, याविषयी ते काहीही सांगत नाही. पालकांच्या मनात या दोहोंची पुष्कळदा गल्लत होते.

गुणपत्रिकेची परंपरा

अमेरिकेत १९८१ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक गेम्स’ हे केवळ या विषयाला वाहिलेले नियतकालिक सुरू झाले आणि परीक्षणाच्या लेखनास निश्चित घर मिळाले. जपानमध्ये १९८६ मध्ये ‘फामित्सू’ सुरू झाले. त्याची पद्धत मोठी लक्षणीय ठरली. एकाच खेळाविषयी चार परीक्षक स्वतंत्रपणे अभिप्राय लिहीत, प्रत्येकी दहापैकी गुण देत आणि बेरीज चाळीसपैकी होई. चाळीसपैकी चाळीस गुण या नियतकालिकाने पहिल्यांदा दिले ते १९९८ मध्ये, ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’ या खेळास, म्हणजे पूर्ण गुण देण्यास त्याने सुमारे बारा वर्षे घेतली. चार परीक्षकांची चार मते शेजारी शेजारी छापली जात असल्यामुळे मतभेद वाचकाच्या डोळ्यांसमोर राहत असे, हा या पद्धतीचा मोठा गुण.

सन २००१ मध्ये अमेरिकेत ‘मेटाक्रिटिक’ हे संकेतस्थळ सुरू झाले. निरनिराळ्या नियतकालिकांनी व संकेतस्थळांनी दिलेले गुण शंभराच्या मापात बसवून ते त्यांची सरासरी काढते. ही सरासरी साधी नाही. काही प्रकाशनांच्या मतास अधिक वजन दिले जाते आणि कोणाचे वजन किती हे जाहीर केले जात नाही. पंचाहत्तर व त्यापुढील गुण हिरव्या चौकटीत, पन्नास ते चौऱ्याहत्तर पिवळ्या चौकटीत आणि त्याखालील तांबड्या चौकटीत दिसतात. आणखी एक नियम येथे ध्यानात ठेवण्याजोगा आहे. एखाद्या प्रकाशनाने प्रथम दिलेले गुणच ग्राह्य धरले जातात. परीक्षकाने पुढे मत बदलले तरी हा आकडा बदलत नाही.

ग्राहकाच्या सोयीसाठी काढलेल्या या आकड्याचा उपयोग पुढे कराराच्या कलमांतही होऊ लागला. ‘फॉलआउट : न्यू व्हेगास’ हा २०१० चा खेळ ऑब्सिडियन या संस्थेने प्रकाशकासाठी तयार केला होता. मेटाक्रिटिकवर ८५ गुण पडल्यास संस्थेस जादा मोबदला मिळावयाचा होता. पडले ८४. संस्थेचे एक प्रमुख ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ही गोष्ट जाहीरपणे सांगितली. शेकडो तास राबलेल्या माणसांचा लाभ कोणा दूरच्या परीक्षकाने दिलेल्या साडेसात किंवा आठ गुणांवर अवलंबून राहावा, हे त्या परीक्षकासही अभिप्रेत नसणार.

परीक्षकावरील दडपणाचेही उदाहरण नोंदले गेले आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’ या खेळास जेफ गर्स्टमन यांनी दहापैकी सहा गुण दिले. ज्या संकेतस्थळावर हे परीक्षण प्रसिद्ध झाले ते त्या वेळी त्याच खेळाच्या जाहिरातींनी भरलेले होते. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. परीक्षण आणि नोकरी यांचा संबंध त्यांना उघडपणे सांगता आला तो २०१२ मध्ये.

१० डिसेंबर २०२० चा धडा

पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट रेड या संस्थेचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ २०१२ मध्ये घोषित झाला होता. प्रकाशनाची तारीख एप्रिल २०२० वरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर आणि नोव्हेंबरवरून १० डिसेंबर अशी पुढे गेली. प्रकाशनापूर्वीच सुमारे ८० लाख ग्राहकांनी मागणी नोंदवून ठेवली होती.

परीक्षणे ७ डिसेंबर रोजी, म्हणजे तीन दिवस आधी प्रसिद्ध झाली. व्हिडिओ खेळांच्या व्यवसायात परीक्षकास प्रत आगाऊ मिळते. परंतु अमुक दिवसापर्यंत काहीही प्रसिद्ध करावयाचे नाही, अशी अट तिच्याबरोबर येते. ही अट सर्वत्र रूढ आहे व तीत गैर काही नाही. या खेळाच्या बाबतीत मात्र आणखी दोन गोष्टी घडल्या. परीक्षकांना दिलेल्या प्रती केवळ संगणकावर खेळावयाच्या होत्या. दूरचित्रवाणी संचास जोडावयाच्या खेळयंत्रासाठीच्या, म्हणजे कन्सोलच्या, प्रती नव्हत्या. दुसरे असे की, परीक्षणासोबत दाखवावयाची चित्रफीत परीक्षकाने स्वतः खेळताना घेतलेली नसावी, संस्थेने पुरविलेलीच वापरावी, असे बंधन होते. सामर्थ्यवान संगणकांवर खेळून परीक्षकांनी मते लिहिली. त्रुटींचा उल्लेख अनेकांनी केला, तरी भविष्यातील महानगराचे चित्रण, संवाद व उपकथा यांची भरभरून स्तुती झाली आणि सरासरी गुण नव्वदीच्या वर गेले.

तीन दिवसांनी लक्षावधी ग्राहकांनी तोच खेळ २०१३ मध्ये बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन या यंत्रांवर सुरू केला. चित्रे अस्पष्ट दिसत, हालचाल अडखळत होई, खेळ मध्येच बंद पडे. १४ डिसेंबर रोजी संस्थेने क्षमा मागून पैसे परत करण्याची तयारी दर्शविली. त्याच आठवड्यात सोनी कंपनीने हा खेळ आपल्या विक्री-दालनातून काढून टाकला. तो तेथे परत आला जून २०२१ मध्ये. कन्सोलच्या प्रती परीक्षकांना पाठविण्यास ८ डिसेंबर रोजी सुरुवात झाली, असे संस्थेच्या संस्थापकांपैकी एक मार्चिन इविन्स्की यांनी जानेवारी २०२१ मधील जाहीर निवेदनात मान्य केले. अमेरिकेतील भागधारकांनी दावा लावला व तो १८ लाख ५० हजार डॉलरांवर मिटविण्यात आला.

प्रशासनात काम करणाऱ्यांस हा प्रकार अपरिचित वाटू नये. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यास नुकतीच रंगविलेली एकच वर्गखोली दाखवावी आणि उरलेल्या खोल्यांना कुलूप असावे. त्याने अहवालात लिहिलेले सर्व खरे असते, परंतु तो अहवाल शाळेचा नसतो. परीक्षकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की, आपण संगणकावरील आवृत्तीच पाहिली हे त्यांच्यापैकी अनेकांनी नमूद केले होते. पण ते मजकुरात कोठेतरी. शीर्षस्थानी झळकला तो गुणांचा आकडा. ज्या यंत्रांवर लक्षावधी ग्राहक खेळणार त्यांवरील खेळ पाहावयास मिळत नाही, हीच त्या दिवसाची मुख्य बातमी होती आणि ती बातमी म्हणून दिली गेली नाही, असे आज म्हणावे लागते.

याच खेळाच्या परीक्षणांतून एक अत्यंत मोलाची गोष्टही निष्पन्न झाली. ‘गेम इन्फॉर्मर’ या अमेरिकन मासिकाच्या एका समीक्षिकेस खेळताना अपस्माराचा झटका आला. खेळातील एका उपकरणाचे तांबडे-पांढरे दिवे ज्या रीतीने झगमगतात ती रीत अपस्माराच्या रुग्णांना धोकादायक आहे, असे तिने तत्काळ लिहिले व कोणती दृश्ये टाळावीत याची यादी दिली. संस्थेने प्रथम सूचना जोडली आणि नंतर ते दृश्यच सौम्य केले. मात्र या समीक्षिकेस काही विकृत व्यक्तींनी झटका आणू शकतील अशा चित्रफिती पाठविल्या. ज्या समीक्षिकेने याच खेळास दहापैकी सात गुण दिले, तिच्यावरही शिव्यांचा वर्षाव झाला. सात गुणांची ती ‘कंजूष’ समीक्षा नंतरच्या आठवड्यांत पुष्कळांना समतोल वाटू लागली, हे ओघाने आलेच.

पुढील तीन वर्षे संस्थेने दुरुस्तीचे काम चालू ठेवले. सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाची अंतर्बाह्य सुधारलेली आवृत्ती व ‘फँटम लिबर्टी’ हा नवा भाग आला आणि परीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले. मूळ खेळाच्या नावापुढे मात्र डिसेंबर २०२० चेच गुण आहेत.

ग्राहकांची मते

परीक्षकांपेक्षा ग्राहकांच्या मतांवर विसंबावे, असा सल्ला दिला जातो. तोही तपासून घेतला पाहिजे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ हा खेळ १९ जून २०२० रोजी प्रकाशित झाला. तो पूर्ण करण्यास पंचवीस ते तीस तास लागतात. परीक्षकांची सरासरी ९३ होती. परंतु प्रकाशनानंतर काही तासांतच हजारो व्यक्तींनी शून्य किंवा एक गुण नोंदवून टाकला. खेळ पूर्ण करणे कोणासही शक्य नसताना हे निकाल लागले होते. कथानकातील काही गोष्टी आधीच फुटल्या होत्या व त्यांचा राग या गुणांतून निघाला. जुलै २०२० पासून मेटाक्रिटिकने ग्राहकांच्या मतांसाठी प्रकाशनानंतर छत्तीस तास थांबण्याचा नियम केला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी आलेल्या ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ या खेळाविषयी चिनी ग्राहकांनी प्रतिकूल मते नोंदविली, त्याचे कारण खेळ नव्हे, तर त्याचा सदोष चिनी अनुवाद हे होते. तक्रार रास्त होती. पण केवळ आकडा पाहणाऱ्यास ती कळणे शक्य नव्हते.

या ‘सिल्कसाँग’च्या निर्मात्यांनी, ऑस्ट्रेलियातील ॲडिलेड येथील टीम चेरी या अगदी लहान चमूने, परीक्षकांना आगाऊ प्रती दिल्याच नाहीत. पूर्वी वर्गणी देऊन साहाय्य करणाऱ्या चाहत्यांच्या आधी परीक्षकांनी खेळावे हे त्यांना योग्य वाटले नाही. परीक्षक व ग्राहक यांनी एकाच दिवशी खेळण्यास आरंभ केला आणि अनेक प्रकाशनांनी ‘परीक्षण चालू आहे’ अशी टाचणे देऊन सविस्तर मत काही दिवसांनी छापले. घाईने लिहिण्यापेक्षा हे निश्चित बरे. अर्थात, पहिल्याच दिवशी पैसे मोजणाऱ्यास अशा व्यवस्थेत मार्गदर्शन मिळत नाही. याउलट फ्रान्समधील माँपेलिए येथील सुमारे तीस जणांच्या मुख्य चमूने केलेल्या ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३’ या खेळाची परीक्षणे एप्रिल २०२५ मध्ये प्रकाशनाच्या आदल्या दिवशी आली. नव्वदीपुढील सरासरी मिळूनही शत्रूचा वार परतविण्याची वेळ फार अचूक साधावी लागते, ठिकाण शोधण्यास नकाशा पुरेसा नाही, अशा तक्रारी त्यांत स्पष्ट होत्या. ज्याची बोटे चपळ नाहीत अशा खेळाडूस ९२ या आकड्यापेक्षा ही दोन वाक्ये अधिक उपयोगी आहेत.

पुण्यातील एक खेळ

महाराष्ट्रातही या कलेचे काम चालते. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेन्डो स्विच या यंत्रावर व ऑक्टोबरमध्ये अन्य यंत्रांवर आला. लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा २०१७ चा प्रयत्न फसल्यानंतरही संस्थेने काम सोडले नव्हते. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या हरवलेल्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू तिची कथा सांगतात. राजस्थानी वास्तुशैलीतील महालांतून व भित्तिचित्रांतून पुराणकथा उलगडतात. परदेशी परीक्षकांनी चित्रण, संगीत व छाया-बाहुल्यांच्या शैलीतील दृश्ये यांची प्रशंसा केली. लढाईची प्रसंगयोजना अवघडलेली आहे, खेळ थोडक्या तासांत संपतो आणि शेवट अचानक येतो, असेही त्यांनी सांगितले. ‘द गेम अवॉर्ड्स’ या अमेरिकेतील पुरस्कारांत पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या २०२० च्या नामांकनांत ‘राजी’चा समावेश होता, मेटाक्रिटिकवर मात्र त्याची चौकट पिवळी राहिली.

दोन्ही गोष्टी एकाच खेळाविषयी खऱ्या आहेत. आपल्या पुराणकथांची पार्श्वभूमी प्रथमच पाहणाऱ्या परीक्षकांनी ती समजून घेण्याचा प्रयत्न केला आणि त्याच वेळी हत्यार चालविताना जाणवलेला अवघडलेपणा लपविला नाही. लहान चमूस पुढील कामासाठी असेच परीक्षण हवे असते. २०२२ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीत संस्थेने हिंदी संवादांची सोय केली. मूळ इंग्रजी संवादांच्या उच्चारणाविषयीची नाराजी २०२० च्या काही परीक्षणांत आजही वाचावयास मिळते.