मान्ना, माप आणि घरातील पडदा

शास्त्रपाठ : निर्गम १६:१३-३४
सोबत वाचावे : इफिस. ५:१५-१७, रोम. १५:१-२; इब्री १०:२४-२५
पाठाचा हेतू : टीव्हीचे थेट कार्यक्रम व ओटीटीवरचे साठवलेले कार्यक्रम एकाच घरात कसे नांदवावेत, याचा पवित्र शास्त्राच्या प्रकाशात विचार करणे.

प्रस्तावना

आपणांपैकी जे पन्नाशी ओलांडून गेले आहेत त्यांना १९८७ सालच्या रविवारच्या सकाळी आठवत असतील. त्या वर्षी २५ जानेवारीला दूरदर्शनवर ‘रामायण’ ही मालिका सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत चालली. वेळ ठरलेली, रविवारी सकाळी साडेनऊ. ज्यांच्या घरी टीव्ही असे त्यांच्या ओटीवर शेजारपाजारचे येऊन बसत. ही वेळ आपल्या उपासनेच्या वेळेला अगदी खेटून होती. त्यामुळे ख्रिस्ती घरांतही दर रविवारी एक प्रश्न उभा राही. पडद्यासमोर बसावे, की मंडळीत जावे? दोन्ही एकदम होत नसे. कार्यक्रम चुकला तर चुकला.

आज तीच मालिका हवी त्या घटकेला पाहता येते. प्रसार भारतीने ‘वेव्हज’ नावाची ओटीटी सेवा सुरू केली, ती आपल्या गोव्यातच. २० नोव्हेंबर २०२४ रोजी ५५ व्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांच्या हस्ते तिचा आरंभ झाला. त्यांचा साखळी मतदारसंघ डिचोली तालुक्यातला, म्हणून तिकडच्या घरांत या बातमीचे कौतुक अधिक. या सेवेत सुरुवातीलाच ६५ थेट वाहिन्या होत्या. मराठी व कोकणी धरून बाराहून अधिक भाषांतले कार्यक्रम होते, आणि जोडीला दूरदर्शनच्या जुन्या मालिकांचे भांडारही होते. म्हणजे थेट आणि साठवलेले हे दोन्ही एकाच दारातून घरात येऊ लागले.

पूर्वी वेळ दूरदर्शनच्या हाती होती. आता ती आपल्या हाती आली आहे. हाती आलेल्या वस्तूचा हिशेब द्यावा लागतो, हे आपण कारभाऱ्याच्या दाखल्यांवरून शिकलो आहोत. म्हणून हा पाठ.

१. पडदा एक, वाटा दोन

शिक्षकांनी प्रथम या दोन वाटांतील भेद समजून घ्यावा, म्हणजे मुलांच्या प्रश्नांना उत्तर देता येईल.

पहिली वाट आकाशातून येते. छपरावर अँटेना लावून दूरदर्शन पाहण्याचे दिवस गेले; जमिनीवरून होणारी ती जुनी प्रक्षेपणे आता जवळजवळ सगळी बंद झाली आहेत. त्यांची जागा केबलने व डिशने घेतली. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. छत्री आणि सेटटॉप बॉक्स एकदा विकत घ्यावे लागतात. सह्याद्री वाहिनी व दूरदर्शनची गोवा वाहिनी तिच्यावर मिळतात. आपल्या भागात तिची छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवतात. समोर माड किंवा फणस आडवा आला तर चित्र मिळत नाही, आणि पेडण्यातल्या परसांत माड नाही असे घर विरळाच!

दुसरी वाट इंटरनेटची. स्मार्ट टीव्हीत ती आतच असते. साध्या टीव्हीला एचडीएमआयच्या खाचेत एक छोटी कांडी बसवली की तोही ओटीटी दाखवू लागतो. एका खाचेत सेटटॉप बॉक्स व दुसऱ्या खाचेत कांडी लावली म्हणजे एकाच पडद्यावर दोन्ही वाटा आल्या. रिमोटवरचे ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ लिहिलेले बटण दाबले की एका वाटेवरून दुसरीवर जाता येते.

दोन्ही वाटांचे गुणदोष वेगळे आहेत. जुलैतला पाऊस धो धो कोसळू लागला की डिशचे चित्र फाटते, कारण दाट पावसातून त्या लहरी नीट पार होत नाहीत. त्या वेळी इंटरनेट कामी येते. उलट, वाऱ्याने फांदी पडून रस्त्यावरची तार तुटली की इंटरनेट जाते आणि डिश चालू राहते. इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही, मागे चालते; फुटबॉलचा गोल शेजारच्या घरात आधी होतो व आपल्याकडे ओरड आधी ऐकू येते. खर्चाचे म्हणाल तर स्वच्छ चित्रातला एक तासाचा कार्यक्रम दोन-तीन जीबी डेटा खातो. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत असा एक तासही पुरा होत नाही. ही किंमत आधी बसून मोजावी. बुरूज बांधणाऱ्याने खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभूने सांगितले आहे (लूक १४:२८).

२. मान्ना वेळेवर पडत असे

आता शास्त्रपाठाकडे वळू. इस्राएल लोकांना रानात मान्ना मिळे तो दररोज सकाळी. ऊन तापले की तो वितळून जाई. उशिरा उठणाऱ्यासाठी तो थांबत नसे. सगळ्या छावणीने एकाच वेळी उठायचे आणि एकाच वेळी वेचायचे. देवाने केवळ अन्न दिले नाही, त्याबरोबर एका समाजाला एक समान वेळ दिली.

थेट प्रक्षेपणाचा मोठा गुण हाच. सातच्या बातम्या सगळ्यांच्या सात वाजता असतात. पेडणे व डिचोली तालुक्यांत घरात कोकणी बोलावी व मराठी वाचावी, अशी रीत पुष्कळ कुटुंबांत आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी बातम्या व मराठी मालिका ही संध्याकाळची सोबत वाटते. आपल्या मंडळ्यांची घरे त्या बाजूला थोडी आणि एकमेकांपासून दूर. मुलगा पणजीला किंवा परदेशी नोकरीला, सून शाळेत, नातवंडे मोबाइलवर. अशा घरातली आजी एका ठराविक वेळी एका ठराविक वाहिनीवर ओळखीचा चेहरा पाहते, तेव्हा तिला आपण जगाच्या बाहेर पडलो नाही असे वाटते.

अशाच एका घरी आम्ही भेटीस गेलो होतो. मुलांनी मोठा नवा टीव्ही आणला होता आणि “आता सगळे इंटरनेटवर मिळते” म्हणून सेटटॉप बॉक्स काढून टाकला होता. पूर्वी आजी दोन आकडे दाबून आपली वाहिनी लावीत. आता पडद्यावर चित्रांच्या रांगाच रांगा. “बाबा रे, माझ्या बातम्या लावून दे,” असे नातवाला दर संध्याकाळी म्हणायचा त्यांना संकोच वाटू लागला. पुढे त्यांनी म्हणणेच सोडले. टीव्ही चालू असे, आणि आजी आतल्या खोलीत. महिन्याचे तीनशे रुपये वाचले खरे. पण कोणाच्या वाट्याचे वाचले, हा विचार कोणी केला नव्हता.

जे सबळ आहेत त्यांनी दुर्बळांचा भार वाहावा, स्वतःच्याच सुखाकडे पाहू नये, असे पौल रोमकरांस शिकवतो. आम्हांस वाटते, टीव्हीची जोडणी करताना हेच वचन पुढे ठेवावे. घरातील सर्वांत हुशार माणसाला काय जमते हे पाहून जोडणी करू नये. सर्वांत अडखळणाऱ्या माणसाला काय जमेल हे पाहून करावी.

३. माप डेऱ्यातील माणसांप्रमाणे

मान्नाला माप होते. माणशी एक ओमर, आणि तेही आपापल्या डेऱ्यात जितकी माणसे असतील त्या मानाने. ज्याने पुष्कळ वेचले त्याचे जास्त झाले नाही, ज्याने थोडे वेचले त्याला कमी पडले नाही. काहींनी मात्र मोशेचे न ऐकता सकाळपर्यंत ठेवले. त्यात किडे पडले व त्याला घाण येऊ लागली.

थेट कार्यक्रमाला शेवट असतो. मालिका अर्ध्या तासात संपते, उद्यापर्यंत वाट पाहावी लागते. ती वाट पाहणे हेच एक कुंपण होते, आणि ते दुसऱ्याने घातलेले असल्यामुळे आपल्याला त्याची जाणीवही नव्हती. ओटीटीवर तसे कुंपण नाही. एक भाग संपतो न संपतो तोच पुढचा भाग आपोआप सुरू होतो. वेळ आपल्या हाती आली असे आपण म्हणतो, पण बारा वाजून गेले तरी उठवत नाही, तेव्हा ती खरोखर कोणाच्या हाती आहे? आपल्याला मोकळीक आहे, पण कशाच्याही सत्तेखाली आपण जाता कामा नये, हे करिंथच्या मंडळीला दिलेले शिक्षण इथे नेमके लागू पडते (१ करिंथ ६:१२).

म्हणून माप घरानेच ठरवावे. त्यासाठी काही साधने यंत्रातच आहेत. बहुतेक सेवांत पुढचा भाग आपोआप सुरू होणे बंद करता येते. ते बंद करावे. २०२१ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांप्रमाणे ओटीटीवरील कार्यक्रमांना वयाची वर्गवारी असते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील, आणि केवळ प्रौढांसाठी. १३ वर्षांवरील व त्यापुढच्या कार्यक्रमांना पालकांसाठी कुलूप देणे त्या सेवांवर बंधनकारक आहे. मुलांसाठी वेगळे प्रोफाइल करून आपल्या प्रोफाइलला चार आकड्यांचा पिन घालावा. मुलाच्या जन्मतारखेचाच पिन ठेवू नये. ते पोर पहिल्याच दिवशी तो उघडते!

पण कुलूप हे पालकत्व नव्हे. मुलाशेजारी बसून अर्धा तास पाहणे आणि मग “तुला त्यातले काय आवडले?” असे विचारणे, हे कोणतेही यंत्र आपल्यासाठी करीत नाही.

४. साठवलेला मान्ना

मग साठवणे वाईटच काय? नाही. सहाव्या दिवशी देवानेच दुप्पट वेचण्यास सांगितले. तो मान्ना सकाळपर्यंत राहिला. त्याला ना घाण आली, ना किडे पडले. शिवाय ओमरभर मान्ना पुढील पिढ्यांसाठी पात्रात भरून ठेवला. तेव्हा प्रश्न साठवण्याचा नाही, हेतूचा आहे. हावेने साठवले ते नासले, आज्ञेप्रमाणे विसाव्यासाठी साठवले ते टिकले.

ओटीटी व यूट्यूब यांचा असा सात्त्विक उपयोग पुष्कळ आहे. शब्बाथशाळेचा शिक्षक शनिवारी पवित्र शास्त्रातील प्रदेशांवरचा माहितीपट पाहून ठेवू शकतो. रात्रपाळी करणारा भाऊ चुकलेला सामना सकाळी पाहू शकतो आणि त्यासाठी कौटुंबिक प्रार्थना सोडण्याचे कारण उरत नाही.

एक गोष्ट मात्र जपली पाहिजे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली. त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवले, आणि त्याच दिवसांत आपल्या उपासनाही मोबाइलच्या पडद्यावर आल्या. ती देवाची मोठी कृपा होती. आजही जे अंथरुणाला खिळले आहेत, किंवा ज्यांना मंडळीपर्यंत येण्यास बस मिळत नाही, त्यांच्यासाठी ती कृपाच आहे. पण ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी “नंतर पाहू” म्हणावे, आणि मग संदेश इस्त्री करता करता, अर्धा पुढे सरकवून ऐकावा, हे इब्री लोकांस दिलेल्या इशाऱ्यात बसते. एकत्र मिळणे सोडू नका, हा तो इशारा. संदेश साठवता येतो. शेजारच्या बाकावरच्या विधवेचा हात हाती घेणे साठवता येत नाही.

१९८७ मध्ये उपासना चुकवण्यास साडेनऊचे निमित्त होते. आज ते निमित्तही राहिले नाही. म्हणून जो येत नाही त्याचे उत्तर आता त्याच्याच अंतःकरणात शोधावे लागेल.

५. या आठवड्यात करण्याजोगे

(अ) घरात वडीलधारे कोणी असल्यास केबल किंवा फ्री डिश काढू नका. टीव्ही सुरू होताच त्यांची वाहिनी दिसेल अशी सोय बहुतेक टीव्हींत असते. ती करून द्या. रिमोटवर लागणाऱ्या दोन-तीन बटणांना रंगीत कागद चिकटवा.
(आ) चालू असलेल्या ओटीटी सेवांची यादी करून महिन्याचा खर्च मांडा. जी सेवा दोन महिन्यांत कोणी उघडली नाही ती बंद करा. वाचलेली रक्कम दानार्पणात घालावी की नाही, हे कुटुंबाने मिळून ठरवावे.
(इ) आठवड्यातून एक संध्याकाळ अशी ठेवा की सर्वांनी एकच कार्यक्रम एकत्र पाहावा, आणि निवड पाळीपाळीने आजी, आई, मुले अशी करावी.
(ई) कौटुंबिक प्रार्थनेची वेळ घड्याळाने ठरवा, कार्यक्रम संपण्यावर ठेवू नका.
(उ) सेलवर चालणारा लहान रेडिओ घरात असू द्या. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात झाडे व खांब पडून गोव्यात ठिकठिकाणी वीज गेली, तेव्हा डिशही निरुपयोगी झाली आणि इंटरनेटही.

चर्चेसाठी प्रश्न

१. मान्नाला वेळ व माप देण्यात देवाचा हेतू काय असावा?
२. तुमच्या घरात रिमोट बहुधा कोणाच्या हाती असतो? कोणाला कधीच मिळत नाही?
३. सहाव्या दिवशी साठवलेला मान्ना टिकला, इतर दिवशीचा नासला. यावरून आपण काय शिकतो?
४. (मुलांसाठी) एक भाग पाहून टीव्ही बंद करणे अवघड का वाटते? ते सोपे होण्यासाठी घरातले कोण मदत करू शकेल?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आमच्या वेळा तुझ्या हाती आहेत. तू दिलेला प्रत्येक दिवस मोजून वापरण्यास आम्हांस शिकव. आमच्या घरातील वृद्धांना एकटे पडू देऊ नको, आमच्या लेकरांचे डोळे निर्मळ राख, आणि तुझ्या दिवशी तुझ्या लोकांत मिळण्याची आवड आम्हां सर्वांत जागी ठेव. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.