हिवाळ्यात पोसाल तेवढ्याच गाई कुरणावर : टोर्बेल गावाचा धडा



गायरान सर्वांचे असते, म्हणून त्याची काळजी कोणीच घेत नाही, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव आहे. जनावरे वाढतात, पण गवत वाढत नाही. शेवटी उघडा मुरूम आणि तरवड तेवढा शिल्लक राहतो. स्वित्झर्लंडमधील टोर्बेल या गावाने मात्र आपले कुरण पाचशे वर्षे राखले. ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

हवामान व शेती

टोर्बेल हे गाव आल्प्स पर्वतातील वॅले प्रांतात सुमारे १,५०० मीटर उंचीवर तीव्र उतारावर वसले आहे. हा प्रांत स्वित्झर्लंडमधील सर्वांत कोरडा भाग. त्यामुळे बर्फाचे पाणी डोंगरकडेच्या पाटांनी आणून पाळीपाळीने गवताला देण्याची प्रथा पडली. पूर्वी येथे पायऱ्यांच्या शेतात राय हे धान्य घेत. धान्याची कोठारे खांबांवर उभारीत आणि खांबांच्या माथ्यावर सपाट दगडी चकत्या बसवीत, म्हणजे उंदीर वर चढत नसत.

उन्हाळ्यात गाई उंचावरील सामाईक कुरणावर जात. त्याच काळात गावाजवळच्या खाजगी गवताळ जमिनीतील गवत कापून, वाळवून साठविले जाई. हिवाळ्यात बर्फ पडले की गाई गोठ्यात बांधून याच गवतावर पोसल्या जात. गोठ्यातील शेणखत पुन्हा गवताच्या जमिनीला दिले जाई.

गावाने केलेले नियम

१) १४८३ साली गावकऱ्यांनी एकत्र येऊन कुरण, जंगल व पडीक जमिनीच्या वापराचे लेखी नियम केले.

२) १५१७ च्या नियमानुसार ज्याला हिवाळ्यात जेवढ्या गाई पोसता येतील, तेवढ्याच त्याने कुरणावर पाठवावयाच्या. त्यामुळे उन्हाळ्यापुरत्या गाई विकत घेऊन फुकट चारण्याची वाट बंद झाली.

३) सर्व गाई एकाच वेळी कुरणावर नेऊन लगेच मोजल्या जात. त्याच संख्येवर वर्षाचे चीज वाटले जाई.

४) जादा गाई आढळल्यास जबर दंड होई. दंडाची निम्मी रक्कम दंड करणाऱ्या अधिकाऱ्यालाच मिळे, म्हणून तो डोळेझाक करीत नसे.

५) दरडी व हिमलोटांचा राडारोडा काढणे, कुरणात खत पसरणे ही कामे सर्वांनी श्रमदानाने करावयाची.

आपण काय करावे?

त्यांचा हिवाळा तसा आपला उन्हाळा. दररोज ६ किलो कडबा धरला, तर फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांसाठी एका मोठ्या जनावरास ७२० किलो कडबा लागतो. हिरवी वैरण व पेंड यांचा हिशेब वेगळा. दिवाळीनंतर आपल्या गंजीचा अंदाज घ्यावा आणि वैरण पुरेल तेवढीच जनावरे ठेवावीत. भाकड व निकामी जनावरांवर चारा संपला, तर दुभत्या गाईलाच उपाशी राहावे लागते.

गायरानासाठी ग्रामसभेत जनावरांची मोजणी करून मर्यादा ठरवावी व ती लेखी नोंदवावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने चराईबंदी करून गवत कापून नेण्याची पद्धत अवलंबिली, हे उदाहरण आपल्या जवळचेच आहे.

नियम वापरणाऱ्यांनीच करावा, तो मोजता येईल असा असावा आणि मोडणाऱ्यास दंड व्हावा. या तीन गोष्टी सांभाळल्या तर आपलेही गायरान टिकेल.